शेजार आणि नाते

कार्तिकात पावसाळी ढग ओसरून आकाश निवळले, म्हणजे रात्री नवाच्या सुमारास माथ्यावर चार ताऱ्यांचा एक प्रशस्त चौकोन दिसतो. त्यातील पश्चिमेकडची जोडी ती पूर्वा भाद्रपदा आणि पूर्वेकडची ती उत्तरा भाद्रपदा. पाश्चात्त्यांनी याच भागात पंख असलेला घोडा कल्पिला. मराठी ग्रंथांत त्याला महाश्व म्हणतात. या चौकोनाच्या वायव्येस, नुसत्या डोळ्यांना रित्या वाटणाऱ्या जागी, एक अंधुक सर्पिल दीर्घिका आहे. विल्यम हर्शेल यांना ती १७८४ साली आढळली. पुढे ड्रायर यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत तिला ७३३१ हा क्रमांक मिळाला आणि आज ती त्याच क्रमांकाने ओळखली जाते.

लहान दुर्बिणीतून ही दीर्घिका म्हणजे केवळ एक लांबट, धुरकट डाग. तिचे खरे दर्शन घडण्यास मोठा आरसा हवा. असा आरसा एके काळी वेधशाळांची अथवा धनिकांची मालमत्ता होती. तो सामान्यांच्या आवाक्यात आणणाऱ्यांमध्ये जॉन डॉब्सन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९१५ मध्ये पेकिंग येथे जन्मलेले हे गृहस्थ १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. जहाजाच्या खिडकीची जाड काच हातांनी घासून त्यांनी आरसा घडविला. पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी पेटी यांवर तोफेप्रमाणे वरखाली व सभोवार फिरणारी दुर्बीण त्यांनी उभी केली आणि ती रस्त्यावर मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखविले. या छंदापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पण २०१४ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांच्या पद्धतीच्या दुर्बिणी जगभर पसरल्या होत्या.

अशा दुर्बिणीचा आरसा वीस इंच व्यासाचा असेल, तर अंधारात विस्फारलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा तो सुमारे पाच हजार पट अधिक प्रकाश गोळा करतो. तरीही निरीक्षकाला प्रथम अर्धा तास अंधारात बसावे लागते. त्यानंतरही अंधुक वस्तूकडे थेट रोखून पाहून भागत नाही. मंद प्रकाश जाणणाऱ्या पेशी दृष्टीच्या मध्यबिंदूपाशी नसतात, त्या भोवताली असतात. म्हणून नजर किंचित बाजूला ठेवावी लागते. मग तेजस्वी गाभा, त्याभोवतीची लांबट तबकडी आणि पश्चिमेच्या अंगाला धुळीच्या पट्ट्यामुळे तुटल्यासारखी वाटणारी कड, ही एकेक करून प्रकट होतात. सर्पिल भुजा छायाचित्रात ठळक दिसतात. डोळ्यांना त्यांचा बहुधा आभासच होतो.

आणि याच वेळी पूर्वेच्या बाजूस तीनचार इवलेसे ठिपके उमटू लागतात. हे तिचे सोबती. इंग्रजी निरीक्षकांनी थट्टेने त्यांना पिसवा म्हटले आहे. मोठ्या दीर्घिकेला बिलगलेली ही बाळे आहेत, असेच पाहणाऱ्यास वाटते.

वर्णपटाची साक्ष मात्र निराळी आहे. मोठी दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. हे सोबती सहा हजारांहून अधिक. जितका वेग जास्त तितके अंतर जास्त, या नियमाने मोठी दीर्घिका चार ते पाच कोटी प्रकाशवर्षांवर, तर सोबती तीस कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास ठरतात. म्हणजे ते तिच्याजवळ नाहीत, तिच्या कितीतरी मागे आहेत. रस्त्यावरच्या दिव्याशेजारी दूरच्या टेकडीवरील दिवे दिसावेत, तसाच हा शेजार.

दुर्बीण तेथून दक्षिणेकडे चंद्रबिंबाच्या रुंदीइतकी सरकविली, की आणखी पाच अंधुक ठिपक्यांचा घोळका लागतो. मार्सेय येथील एदुआर स्तेफान यांनी तो शोधून १८७७ मध्ये जाहीर केला, म्हणून त्यास स्तेफान यांचे पंचक म्हणतात. १९६१ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या दांपत्याने या पंचकाच्या वर्णपटांतील विसंगती दाखवून दिली. चौघांचे वेग सेकंदाला सहा हजार किलोमीटरच्या आसपास. पाचवीचा, म्हणजे ७३२० क्रमांकाच्या दीर्घिकेचा, केवळ आठशेच्या जवळपास. या पाचवीतील सुटे तारे वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये वेगळे करून दाखविले. ती जवळची आहे याची ही आणखी एक खूण. तिचा वेग आणि अंतर ७३३१ क्रमांकाच्या दीर्घिकेशी जुळते. तेव्हा ती या मोठ्या दीर्घिकेचीच आप्त असावी, असा संभव मानला जातो. जे सोबती वाटले ते परके ठरले. आणि परक्यांच्या गर्दीत उभी असलेली कदाचित घरची निघाली.

म्हणून डोळ्यांना खोटे ठरविण्याचे कारण नाही. ठिपके शेजारी दिसतात, एवढेच डोळा सांगतो आणि ते खरेच आहे. शेजारावरून नाते ठरविण्याची घाई मन करते. चांगला हौशी निरीक्षक हा भेद पाळतो. तो छायाचित्र आधी पाहत नाही. अंधारात, तांबड्या मंद दिव्याखाली, जे दिसले तेवढेच रेखाटतो. तिथी, वेळ, आकाशाची स्थिती लिहितो. चारांपैकी तीनच ठिपके दिसले, तर तीनच मांडतो आणि चौथ्यापुढे ‘दिसला नाही’ असे लिहून ठेवतो.

श्रोत्यांपैकी कोणास ही दीर्घिका पाहावयाची असल्यास कार्तिक-मार्गशीर्षातील अमावास्येजवळची रात्र निवडावी आणि गावाचे दिवे मागे टाकून दूर जावे. सहा इंची दुर्बिणीतून मोठी दीर्घिका ओळखू येईल. सोबत्यांसाठी मोठ्या आरशाची आणि त्याहूनही अधिक धीराची आवश्यकता आहे.