चोवीस तास

(प्रजासत्ताक दिनी सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मला संविधानावर बोलायला सांगितलंय. मी वकील नाही. चौतीस वर्षं बँकेत व्हाउचर तपासली. त्यामुळे एका कलमापुरतंच बोलतो, आणि तेही पंप रूममधून सुरुवात करून.

जुन्या सभासदांना आठवत असेल. बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे एका घरातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. संशय रात्रपाळीच्या वॉचमनवर. आपण पाच-सहा जणांनी त्याचे खिसे, पिशवी, डबासुद्धा उघडून पाहिला आणि सकाळपर्यंत त्याला पंप रूममध्ये कोंडलं. मी खजिनदार होतो. किल्ली माझ्या खिशात होती.

सकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. दुपारी त्याची बायको माझ्या दारात. "काका, ह्यांना कुठं नेलंय?" मला उत्तर देता येईना. बँकेतला माझा एक मित्र निवृत्तीनंतर वकिली करत होता, त्याला फोन लावला. त्यानं आधी मलाच झापलं. म्हणाला, "कोंडून ठेवणं हा तुमचा गुन्हा आहे." डोळ्यांदेखत गंभीर दखलपात्र गुन्हा घडला तर नागरिक माणसाला धरू शकतो, पण लगेच पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर सहा तासांची मर्यादाच घातली आहे. आणि आमच्यापैकी कोणी काहीच पाहिलं नव्हतं.

मग त्यानं कलम २२ समजावलं. अटक का केली ते सांगायला हवं, वकिलाला भेटू द्यायला हवं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. डी. के. बसू नावाच्या गृहस्थांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९९६ साली निकाल लागला. अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर तारीख-वेळ आणि घरच्या किंवा परिसरातल्या माणसाची साक्ष घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, हे सगळं त्या निकालातलं. बँकेच्या माणसाला हे पटकन पटतं. वेळ आणि सही नसेल तर व्यवहार झालाच नाही!

पण खोच इथंच आहे. मी चौकीत गेलो तेव्हा कळलं, अटकेची नोंदच नाही, "फक्त चौकशीला आणलंय". नोंद नाही, म्हणजे कागदावर चोवीस तास सुरूच होत नाहीत. मित्र सोबत होता, त्यानं शांतपणे विचारलं, "अटक असेल तर कागद द्या, नसेल तर नोटीस देऊन घरी पाठवा." रात्री नऊला सोडलं. तो नीट चालत नव्हता. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, हे त्याला कोण सांगणार होतं? मला तरी कुठं माहीत होतं!

बांगड्या चौथ्या दिवशी सापडल्या, त्यांच्याच बँक लॉकरमध्ये. लग्नाहून आल्यावर ठेवल्या होत्या. लॉकरच्या रजिस्टरवर सही होती, ती कुणी आधी बघितली नाही. मीसुद्धा नाही, आणि माझा जन्म त्यात गेला.

तो परत कामाला आला नाही. सतरा दिवसांचा पगार बाकी होता, तो मी त्याच्या घरी नेऊन दिला. बायकोनं पावतीवर सही केली आणि दार लावून घेतलं. पाणी विचारलं नाही. का विचारावं?

आता एक काम. कोठडीतल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१००. हा नंबर लिफ्टशेजारच्या बोर्डावर आणि वॉचमनच्या केबिनमध्येही लावावा, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे. पंप रूमची किल्ली मात्र आता ऑफिसातच असते.