दुसऱ्यांच्या प्रार्थनेला पाहुण्या म्हणून जाताना

बारसं असो, हळदीकुंकू असो, नाहीतर मयत, आपण एकमेकींच्या दारात जातोच. पण दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेला जायचं म्हटलं की पाय अडखळतो. ‘तिथं गेलं तर बाटवतील’, ‘घरचे काय म्हणतील’, अशी कुजबुज सुरू होते. आमच्या बचत गटातल्या नऊ जणी एका रविवारी पुण्याच्या चर्चमध्ये जाऊन आलो. त्याबद्दल आज बोलणार आहोत.

आमच्या गटात एक ख्रिस्ती ताई आहेत. त्यांची मुलगी पुण्यात शिकते आणि तिच्या मैत्रिणी आहेत आफ्रिकेतल्या. केनिया, टांझानिया, नायजेरिया अशा देशांतून पुण्यात शिकायला मुलं-मुली येतात. त्यातली काही दर रविवारी जिथं प्रार्थनेला जमतात, तिथलंच बोलावणं आम्हाला आलं होतं.

आधी ताईंनी आम्हाला गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च दाखवलं. पवित्र नाम देवालय हे त्याचं नाव. १८८५ साली बांधलेलं, उंच मनोऱ्याचं, आणि त्या मनाऱ्यात आठ घंटा. इथल्या मिशनची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८९० साली पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना तिथं बोलावलं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं आली. पुढं हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि गावभर गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपभर चहासाठी एवढं! त्याच आवारात उभं राहून आम्ही हे ऐकलं, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “आन् आपण गावात अजून कुणाकुणाच्या घरचा चहा घेत न्हाई, त्ये कोण मोजणार?”

पुण्यातली जुनी चर्च पाहिली की कोण कुठून आलं ते कळतं. नाना पेठेतल्या चर्चला १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. कॅम्पातलं सेंट मेरी चर्च १८२५ चं, ते इंग्रज फौजेचं. सेंट पॅट्रिक १८५० चं, आयरिश कॅथलिक सैनिकांसाठी. पंचहौदला मराठी माणसांची मराठीतली उपासना. देव एकच म्हणायचा, पण बाकं मात्र वेगवेगळी. गोरे एकीकडं, आपले एकीकडं. देवाच्या दारातही माणसानं माणसाला असं वाटून ठेवलं होतं. आपल्या गावातल्या देवळांचा नि पाणवठ्यांचा इतिहास तरी काय वेगळा आहे?

मग आम्ही त्या मुलींच्या प्रार्थनेला गेलो. साधा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रार्थना इंग्रजीत. गाणं सुरू झालं तशा सगळ्या उभ्या राहिल्या. टाळ्या, ढोल, अंगभर डोलणं. नंतर सगळ्यांनी एकाच वेळी, ज्याची त्यानं मोठ्यानं प्रार्थना केली. कुणी रडत होतं, कुणी हात वर करून बोलत होतं. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त बावरल्या त्या आमच्या ख्रिस्ती ताईच. त्यांच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गाणं होतं, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणावर लिहिलेली गीतं म्हणतात, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळे शांत बसतात. त्या हळूच म्हणाल्या, “आमच्यात असं नसतं बाई.” वारीला जाणाऱ्या आमच्या दोघी मात्र कधीच टाळ्या वाजवायला लागल्या होत्या.

पण हा मोठा आवाज परका म्हणावा का? आपल्या दौंड तालुक्यातलं केडगाव आठवा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली बायका-मुली अशाच एकत्र मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. तिथं काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशापर्यंत पोचली आणि तिथल्या चर्चमधली रीतही पालटली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचा आवाज सातासमुद्रापार गेला होता.

प्रार्थनेनंतर चहा झाला. मुली आमच्या नऊवारीबद्दल विचारत होत्या, आम्ही त्यांच्या बारीक वेण्यांबद्दल. एका मुलीनं सांगितलं, शहरात खोली मिळायला फार त्रास होतो. फोनवर हो म्हणतात, रंग बघितला की नाही म्हणतात. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते. पोरं मागून नावं ठेवतात. “इथं आल्यावर मात्र कुणी वळून बघत नाही,” ती म्हणाली. आमच्यातल्या एकीनं तिचा हात धरला. आडनाव विचारून खोली नाकारतात, हे तिनं स्वतः सोसलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण समजायचं ते समजलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाला असं कुठं जायचं असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. आधी विचारून जा. चपला कुठं काढायच्या, डोकं झाकायचं का, हे दाराशी बघून ठरवा, जागोजागी रीत वेगळी असते. सगळे उभे राहिले तर मान म्हणून उभं राहा. जे मनापासून म्हणता येत नाही ते म्हणायची सक्ती नसते. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस हा त्यांचा विधी आहे, तेव्हा आपण जागेवर बसून राहिलं तरी कुणी रागावत नाही. आणि प्रार्थनेत फोन काढून कुणाचे फोटो घेऊ नका.

आम्ही नऊच्या नऊ जणी आपापल्या देवासकट घरी परतलो. कुणाचं काही बाटलं नाही. उलट त्या मुलींना आम्ही पुढच्या काकडआरतीला बोलावलं आहे. त्या आल्या की मंडपात त्यांना पुढं जागा द्यायची, असं गटाच्या बैठकीत ठरलंय. आणखी एक ठरलंय: आपल्याच गावात ज्यांना आजवर मागं बसवलं, त्यांनाही त्याच दिवशी पुढं बसवायचं. काहीजणांना रुचणार नाही. पण बैठकीच्या वहीत सगळ्यांच्या सह्या आहेत.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावात कुणाच्या घरी आपण अजून चहा प्यायलेला नाही? नावं निघाली की एकेका घरी जाऊन या.