खरी शांति
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली साजरी करण्यासाठीं आज आपण सर्व लहानथोर या ठिकाणीं जमलों आहों. देवमंदिराला नवा रंग चढला आहे, पताका लागल्या आहेत, घंटानादानें गांव दुमदुमला आहे. हा आनंद सर्वथा योग्य आहे. परंतु ज्युबिली म्हणजे मूळांत काय, याचा क्षणभर विचार केला पाहिजे. कारण आमच्या विषयाचें बीज त्यांतच आहे.

जुन्या करारांतील लेवीय नामक ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत देवानें इस्राएल लोकांस अशी आज्ञा केली कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणारें पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं शिंग फुंकून मुक्तता जाहीर करावी, विकलेली जमीन मूळच्या घराण्यास परत मिळावी, दास झालेल्या बंधूस मोकळें करावें आणि शेतासही विसांवा द्यावा. म्हणजे ज्युबिली हा केवळ मिरवणुकीचा सण नव्हे. जें ज्याचें तें त्यास परत देण्याचा तो सण होय. दुसऱ्याचें कांहीं अडकवून ठेवलें असतां शांति नांदत नाहीं, हा धडा देवानें आपल्या प्रजेस अशा रीतीनें घालून दिला.

शांति, शांति असें आपण सारेच म्हणतों. पण शांति म्हणजे काय? कोणी म्हणेल, घरांत पैसा असावा, मुलें मार्गाला लागावीं, दुखणें नसावें, म्हणजे झाली शांति. दुसरा म्हणेल, कोणाच्या अध्यांत नको, मध्यांत नको, आपण बरें कीं आपलें घर बरें. पहिलें आहे सुख. तें एका रात्रीच्या तापानें नाहींसें होतें. दुसरी आहे सोय. तळ्याचें पाणी वरून निश्चल दिसलें, तरी तळाशीं गाळ असतोच.

संत ऑगस्टीन यांनीं आपल्या ‘देवाचें नगर’ या ग्रंथाच्या १९ व्या भागांत शांतीचा फार खोल विचार केला आहे. त्यांच्या मतें, सर्व गोष्टी आपापल्या योग्य स्थानीं असल्या म्हणजे त्या सुव्यवस्थेंतून जी स्वस्थता उपजते, ती शांति. मनुष्याची वासना विवेकाच्या आज्ञेंत आणि विवेक देवाच्या आज्ञेंत असावा. हा क्रम उलटला कीं अंतःकरणांत बंड माजतें. हें त्यांचें नुसतें पांडित्य नव्हतें. तारुण्यांतील दीर्घ तळमळीनंतर ३८६ सालीं मिलान येथें त्यांचें मन पालटलें व ३८७ सालीं संत अँब्रोज यांच्या हस्तें त्यांना स्नानसंस्कार मिळाला. पुढें ४३० सालीं, हिप्पो नगराला व्हँडल लोकांचा वेढा पडला असतां, ते तापानें अंथरुणास खिळले. पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून त्यांनीं तीं समोरच्या भिंतीवर लावविलीं आणि तीं वाचून ते अश्रु ढाळीत. वेढा उठण्यापूर्वींच त्यांनीं देह ठेवला. बाहेर शत्रु, डोळ्यांत आंसवें. तरी आत्मा देवाच्या हातीं निर्धास्त. खरी शांति अश्रूंस भीत नाहीं, हें यावरून कळून येतें.

फार दूर कशाला जावें? आपल्या वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचेंच चरित्र पहा. जपानांत व्यापार करून त्यांनीं चांगलें धन जोडलें होतें. परंतु तें सोडून ते मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले. १५९३ सालीं दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत गेले. पुढें हिदेयोशीच्या आज्ञेनें २६ जणांस पकडण्यांत आलें. क्योतो येथें त्यांतील बहुतेकांच्या कानांचा भाग कापून, भर हिवाळ्यांत त्यांना नागासाकीपर्यंत नेलें आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं क्रुसांवर भाल्यांनीं विंधिलें. त्यांतील पौल मिकी यांनीं क्रुसावरूनच मारणारांस क्षमा केली. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं या रक्तसाक्ष्यांस संतपद दिलें. ज्याला गमवावयाचें कांहीं उरलें नाहीं, त्याची शांति कोण हिरावून घेणार?

प्रभु येशूनें आपली शांति शिष्यांस दिली ती कोणत्या वेळीं? धरून नेण्याच्या आदल्या घटकेस, शेवटच्या भोजनाच्या रात्रीं. जग देतें त्याहून ती निराळी, हें त्यानें तेव्हांच सांगून ठेवलें.

आतां आपण आपल्याकडे वळूं. पवित्र मिस्सेंत आपण शेजाऱ्यास शांतीचें अभिवादन करतों. पण हातभर बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांचें तोंड पाहत नाहींत, विहिरीच्या पाण्यावरून जावाजावांत वर्षानुवर्षें अबोला असतो, आणि ज्या बाकावर भाऊ बसला तो बाक टाळून आपण दुसरीकडे गुडघे टेकतों. मग तें अभिवादन कोणास पोंचावें? वेदीपाशीं दान आणलें असतां बंधूचें मन आपल्याविषयीं दुखावलें आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवून आधीं समेट करावा, असें प्रभूनें संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत शिकविलें आहे.

कोणी म्हणेल, ‘अपराध त्याचा, आम्हीं आधीं कां जावें?’ बंधूंनो, आपण अपराधी असतां देव आपल्याकडे आधीं आला. दुसरा म्हणेल, ‘मग अन्याय मुकाट्यानें सोसावा काय?’ तसें नव्हे. जक्कयानें प्रभूस घरीं घेतलें, तेव्हां केवळ गोड शब्द बोलून तो थांबला नाहीं. ज्याचें लुबाडलें असेल त्यास चौपट परत देण्यास तो उभा राहिला, आणि त्याच दिवशीं त्या घरास तारण लाभलें. क्षमा मागणाऱ्यानें हात पुढें करावा, पण त्या हातांत दुसऱ्याचें जें असेल तेंही परत करावें.

म्हणून आमची नम्र विनंति इतकीच: ज्युबिलीचें हें वर्ष सरण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें अंतःकरण तपासावें, प्रायश्चित्त संस्कार घ्यावा, आणि ज्या एका घराचा उंबरठा आपण ओलांडीत नाहीं तो ओलांडावा. पताका उतरतील, रंगही फिका पडेल. पण जोडलेलीं घरें या धर्मग्रामाचें खरें भूषण होऊन राहतील.

शांतीचा राजा प्रभु येशु ख्रिस्त आम्हां सर्वांस तें धैर्य देवो, आणि पवित्र मरिया माता आमच्यासाठीं विनंति करो. आमेन.