शेजारच्या बाकावरचा इतिहास
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाने आमच्याकडे विषय सोपविला तो शालेय इतिहासाचा. दिल्लीकर मराठी घरांत या विषयावर जेवढा वाद होतो, तेवढा गणिताच्या गुणांवरूनही होत नसेल. वादाचा मुद्दा ठरलेला असतो : मुलांच्या पुस्तकात मराठ्यांच्या वाट्याला पाने किती?

ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले, त्या आम्हा मंडळींपैकी कित्येकांनी चौथीत वर्षभर शिवछत्रपतींचे चरित्र वाचले. आमची मुले मात्र येथे एनसीईआरटीच्या पुस्तकांवर वाढली. नववी-दहावीत त्यांच्यापुढे फ्रेंच राज्यक्रांती आणि जर्मनीतील नाझी राजवट आली. 2025 साली आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हा आम्हांलाही समाधान वाटले. परंतु त्यातील नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या अमलाखाली दाखविल्याबद्दल तेथील पूर्वीच्या राजघराण्यातून आक्षेप निघाला आणि पाठ्यपुस्तकांवरील हरकतींच्या विचारासाठी तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. पाने मिळाली, पण प्रश्न मिटला नाही.

तो मिटणारही नाही, कारण दिल्लीच्या वर्गात अवघा देश एकत्र बसतो. पुण्याच्या शाळेत आमच्या नातवाने अटकेपार गेलेल्या झेंड्यांविषयी ऐकले असते. येथे शेजारच्या बाकावरील बंगाली मुलीने त्याला ‘बर्गी’ सांगितले. 1742 पासून 1751 पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची धास्ती त्या प्रांतातील अंगाईगीतात अजून टिकून आहे. नातू घरी आला आणि त्याने विचारले, “आजोबा, आपण चांगले होतो की वाईट?” आम्ही आयुष्यभर इतिहास वाचीत आलो, पण त्या क्षणी आम्हांला उत्तर सुचले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्याला लाल किल्ल्यात नेले आणि दिवाण-ए-खासमध्ये उभे केले. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी या दालनाच्या छताची चांदी उतरवून तिचे नाणे पाडले, कारण फौजेच्या खर्चाला पैसा उरला नव्हता. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर काय झाले, ते त्याला ठाऊक होते. त्यापुढील हकिगत मात्र त्याला नवी होती. 1771 साली महादजी शिंद्यांसह मराठी फौजा पुन्हा दिल्लीत आल्या आणि 1772 च्या जानेवारीत त्यांच्याच पाठबळावर बादशहा शाह आलम आपल्या राजधानीत परतला. 1788 साली गुलाम कादिराने त्या वृद्ध बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला सोडविले तेही शिंद्यांच्याच सैन्याने. नातू बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे दोन्ही खरे?”

सज्जनहो, माध्यमिक शाळेत इतिहास कशासाठी शिकवावा, याचे उत्तर आम्हांला त्या प्रश्नात सापडले. अभिमान घरीही शिकविता येतो. खरे काय, आणि ते कशावरून, हे विचारण्याची सवय मात्र याच वयात लागावी लागते. सर जदुनाथ सरकार बंगालचे आणि रियासतकार सरदेसाई आपले; कित्येक मुद्द्यांवर दोघांचे मतभेद होते. तरीही त्यांची मैत्री जन्मभर टिकली आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची ग्रंथमाला दोघांच्या देखरेखीखाली निघाली. कागदाचा पुरावा दोघांनीही मानला, म्हणूनच हे घडले.

असे कागद आपल्यालाही परके नाहीत. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांच्या घराण्याचा पत्रव्यवहार ‘हिंगणे दफ्तर’ म्हणून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला आहे. दिल्लीत बिऱ्हाड करून मायदेशी पत्रे पाठविणारे आपण पहिलेच नव्हे, हे मुलांना त्यातून कळेल.

मंडळाला आमची एकच विनंती आहे. आपण गणेशोत्सव करतो, नाटके बसवितो. त्याबरोबर वर्षातून चार रविवार आठवी ते दहावीच्या मुलांसाठी राखून ठेवावेत. त्यांना लाल किल्ला दाखवावा. नोएडाच्या गोल्फ मैदानावरील स्तंभही दाखवावा. 11 सप्टेंबर 1803 रोजी लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याची ती खूण आहे. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागाराची ओळख करून द्यावी. आणि शेजारच्या बाकावरील मुलांनाही आवर्जून बरोबर घ्यावे.

आमच्या नातवाने ते आधीच केले. दुसऱ्या खेपेस तो त्या बंगाली मुलीला घेऊनच किल्ल्यात आला. छताची गोष्ट त्यानेच तिला सांगितली, आणि चांदीचा भाग वगळला नाही.