दोन हातांत दोन वल्ही

आज एका नाव वल्हवणाऱ्या बाईची गोष्ट सांगते. काट्रिन बोरोन तिचं नाव. १९६९ साली तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, पोलादाच्या कारखान्याच्या एका शहरात तिचा जन्म झाला.

तिची शर्यत कशी असते, ते आधी ऐका. निमुळती लांब नाव, अंतर दोन हजार मीटर. प्रत्येकीच्या दोन हातांत दोन वल्ही. बसायचं पाठमोरं, म्हणजे जायचं तिकडे तोंडच नाही! दोघींच्या किंवा चौघींच्या या नावेत ताल सांगायला वेगळं माणूसही नसतं. सगळ्यांची वल्ही एकदम पाण्यात पडली आणि एकदम बाहेर निघाली, तरच नाव पळते. एकटीनंच घाई केली, तर नाव डगमगते.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. १९९२ ला बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये काट्रिननं दोघींच्या नावेत सुवर्णपदक मिळवलं. १९९६ ला अटलांटात चौघींच्या नावेत दुसरं. २००० ला सिडनीत पुन्हा दोघींच्या नावेत तिसरं, पण या वेळी जोडीदारीण वेगळी. जोडीदारीण बदलली की ताल नव्यानं जुळवावा लागतो. मागचं पदक तिथं कामाला येत नाही.

सिडनीनंतर तिला मुलगी झाली. काहींना वाटेल, आता संपलं. पण ती परत नावेत बसली आणि २००४ ला अथेन्समध्ये चौथं सुवर्ण घेतलं. २००८ ला बीजिंगमध्ये, अडतिसाव्या वर्षी, चौघींना कांस्यपदक मिळालं.

हे आज का सांगते? आमच्या गटातली एक सून बाळंतपणासाठी माहेरी गेली. तिचे चार हप्ते थकले. बैठकीत कुणी म्हणालं, "तिचं नाव काढा, दुसरी घेऊ." मीही वहीत पेन टेकवलं होतं. मग थांबले. काट्रिनला नावेतली जागा कुणी फुकट दिली नाही, तिनं ती कमावली. पण कमवायला आधी नावेपर्यंत येऊ तर दिलं पाहिजे ना?

आम्ही तिला हप्ते फेडायला सहा महिने दिले. तुमच्या वहीत असं एखादं नाव असेल, तर खोडण्याआधी तिच्या घरी एकदा जाऊन या.