चिमूटभर रंजक

चकमकीच्या बंदुकीत दारू दोन ठिकाणी भरावी लागत असे. एक नळीच्या तळाशी, गोळीच्या मागे. गोळी फेकण्याचे काम तिचे. दुसरी नळीच्या बाहेर, उजव्या अंगास बसविलेल्या एका लहानशा वाटीत. हिने काही फेकावयाचे नसते, केवळ पेटावयाचे असते. या दुसऱ्या, चिमूटभर दारूला रंजक म्हणतात. तोफेच्या कानावर बत्ती देण्यापूर्वी घालीत तीही रंजकच. बंदुकीचा इतिहास लिहिणारे नळीविषयी, गोळीविषयी, फार तर लाकडी दस्त्यावरील नक्षीविषयी भरभरून लिहितात. रंजकेच्या वाट्याला एखादी ओळ येते. वस्तुतः बार निघणे किंवा न निघणे हे पुष्कळदा त्या चिमटीवरच अवलंबून असे.

तोड्याच्या बंदुकीत ही चिंता थोडी कमी होती. तेथे जळता तोडा स्वतःच रंजकेत टेकत असे; निखारा जिवंत असला की रंजक थोडी भरड असली तरी पेटे. चकमकीच्या बंदुकीत निखारा नाही. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, त्याच्या जबड्यात धरलेली गार समोरच्या उभ्या पोलादी पट्टीवर घासते, आणि ती पट्टीच वाटीचे झाकण असल्यामुळे त्याच क्षणी वाटी उघडी पडते. ठिणगी गारेची असते असा समज आहे, तो खरा नव्हे. गारेची धार पोलादाचे सूक्ष्म कीस काढते आणि ते कीस हवेत पेटून खाली पडतात. ते क्षणात निवतात. त्या क्षणापूर्वी रंजकेने पेट घेतला पाहिजे, तिची ज्वाळा नळीच्या कानातून आत शिरली पाहिजे आणि आतील दारूपर्यंत पोचली पाहिजे. सारे जुळून आले तर या सगळ्याला एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. जुळले नाही तर वाटीत भपकन जाळ होतो आणि नळी मुकी राहते. हिंदीत यासाठी ‘रंजक चाट जाना’ असा मोठा बोलका प्रयोग आहे.

मग रंजक कशी निवडावी? दारू तीच, सोरा, गंधक आणि कोळसा यांची; प्रमाणही सामान्यतः पंचाहत्तर, दहा आणि पंधरा असे ठरून गेलेले. फरक असतो तो दाण्याचा. दारूच्या कारखान्यात हे मिश्रण ओलसर दळतात, दाबून त्याच्या वड्या करतात, त्या फोडतात आणि चाळण्यांतून दाणे वेगळे काढतात. अमेरिकेत या दाण्यांची प्रत ‘एफ’ या अक्षराने सांगण्याची पद्धत आहे. जितके ‘एफ’ अधिक तितका दाणा बारीक. दोन किंवा तीन ‘एफ’ची दारू नळीत भरण्याची, आणि चार ‘एफ’ची रंजकेची, असा सर्वसाधारण प्रघात. कारण उघड आहे. लाकडाच्या ओंडक्याला काडी लावली तर तो पेटत नाही, ढलपीला लावली तर पेटते. निवत चाललेल्या पोलादाच्या कणाला मोठा दाणा तापविणे जमत नाही, बारीक दाण्याला पुरेशी आच लागते.

यावरून कोणी म्हणेल, तर मग दाणा कशाला, पीठच का नको? येथेच फसगत होते. दाण्यादाण्यांमध्ये मोकळी जागा असते आणि त्या जागेतून ज्वाळा धावते. पीठ वाटीत दबून बसते; मग आग थरामागून थर असे जळत जाते. शिवाय पिठाला दमट हवेत ओल धरण्यास फार वेळ लागत नाही. कोरड्या दिवशी चलाख वाटणारी रंजक ढगाळ हवेत गोळा होऊन बसते. म्हणून माझ्या मते रंजकेचा खरा गुण वेग नव्हे. ती चढविल्यापासून चाप ओढीपर्यंत, मग तो अवकाश अर्ध्या मिनिटाचा असो की अर्ध्या प्रहराचा, जशीच्या तशी राहिली पाहिजे.

ओलीचा हा प्रश्न दाण्यापाशी संपत नाही. शुद्ध सोरा हवेतील ओल फारशी ओढीत नाही; परंतु त्यात साधे मीठ किंवा तत्सम क्षार राहून गेले तर ते ओढतात. बिहारचा सोरा युरोपात एवढा नावाजलेला होता, तरीही दारूत घालण्यापूर्वी तो पुनःपुन्हा विरघळवून शुद्ध करून घ्यावा लागे. फ्रान्समध्ये १७७५ साली दारूखात्याची व्यवस्था ज्यांच्याकडे आली त्यांत लाव्हाझिए हा थोर रसायनशास्त्रज्ञ होता, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दाण्यांना ग्रॅफाइटचा मुलामा देतात तोही दाणे ओलीपासून जपावेत आणि मोकळे ओघळावेत म्हणून. मात्र मुलामा दाट झाला की पेट घेण्यास किंचित उशीर लागतो. एक मिळवावे तर दुसरे थोडे सोडावे लागते.

आणि दारू कितीही उत्तम असली तरी वाटी अस्वच्छ असून भागत नाही. काळी दारू जळाली म्हणजे तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. काही धुरात जातो, काही मळ होऊन चिकटतो. हा मळ ओल ओढणारा. पावसाळी हवेत पाहता पाहता त्याचा काळा चिखल होतो आणि वर घातलेली ताजी रंजक खालून भिजते. दर दोनचार बारांनी वाटी पुसणे आणि तारेने कान मोकळा करणे हे म्हणूनच रंजकेच्या निवडीइतकेच महत्त्वाचे. कान दारूने गच्च भरला तर बार लवकर निघेल ही समजूतही चुकीची आहे. मोकळ्या कानातून ज्वाळा एकदम आत उडी घेते. भरलेल्या कानात ती वातीसारखी जळत जाते, आणि तेवढ्यात नेम हलतो. आजही युरोप-अमेरिकेत हौशी नेमबाज चकमकीच्या बंदुकींचे सामने खेळतात. आधुनिक पर्यायी दारूला पेटण्यास अधिक आच लागते, म्हणून वाटीत ती घालून त्यांचे काम होत नाही. त्यांना जुनी काळी दारूच शोधावी लागते.

शिकाऱ्याला हे सारे लाड परवडत. तो रंजकेसाठी वेगळे, लहानसे शिंग कमरेला बाळगी आणि हवा पाहून वाटीतील रंजक बदली. साध्या पलटणीतील शिपायाला ही मुभा नव्हती. त्याच्याजवळ कागदी काडतूस असे. ते दाताने फाडावयाचे, त्यातील थोडी दारू वाटीत घालून झाकण लावावयाचे, उरलेली गोळीसह नळीत ठासावयाची. म्हणजे नळीसाठी केलेला भरड दाणाच वाटीत जाई. पुरवठ्याच्या दृष्टीने व्यवस्था सोयीची होती. हजारो माणसांना दोन प्रकारची दारू देणे म्हणजे मोठाच घोटाळा. पण तिची किंमत होती. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिच येथे जुन्या चकमकीच्या आणि नव्या टोपीच्या बंदुकींची तुलना झाली. प्रत्येक प्रकाराचे सहा हजार बार काढले. चकमकीचे ९२२ फुकट गेले, टोपीचे ३६. यात बोथट गारेचाही वाटा असणार, सगळा दोष रंजकेच्या माथी मारता येणार नाही. तरीही दर साडेसहा बारांत एक फुकट, हे प्रमाण थोडे नव्हे.

त्यानंतर सातच वर्षांनी, १८४१ च्या मे अखेरीस, चीनमधील कँटनच्या उत्तरेस सान-युआन-ली गावाजवळ याचा अनुभव आपल्याच देशातील माणसांना आला. मद्रासच्या ३७ व्या देशी पलटणीची एक तुकडी मुख्य सैन्यापासून तुटली होती. वादळी पाऊस कोसळत होता आणि सभोवती भालेवाले गावकरी जमले होते. वाटीतील रंजक भिजून गेली, बंदुका उडेनात. शिपाई चौकोन बांधून संगिनींवर उभे राहिले. अखेर टोपीच्या बंदुका घेतलेले आरमारी शिपाई त्यांच्या शोधात पाठविण्यात आले. त्यांच्या बंदुका त्याच पावसात उडाल्या, आणि तुकडी सुटली.

ज्या शोधातून ती टोपी पुढे निघाली तो एका स्कॉटिश धर्मोपदेशकाचा. अलेक्झांडर फोर्सिथ त्याचे नाव. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि वाटीतील जाळ दिसताच पक्षी उडून जात याचा त्याला वैताग आला होता. म्हणून त्याने आघाताने पेटणारे द्रव्य वापरून रंजक उघड्यावर ठेवण्याची गरजच काढून टाकली. त्याचे पेटंट १८०७ चे आहे. मद्रासचे शिपाई कँटनच्या पावसात उभे होते तेव्हा त्याला चौतीस वर्षे झाली होती.