घाट रेतीचा नव्हे, गावाचा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावासाठी जमलेल्या मेळाव्यात हा माणूस डोंग्याची गोष्ट कशाला काढतो, असे तुम्हाला वाटेल. पण डोंग्याचा आणि कापसाच्या भावाचा संबंध आहे. तो मी वर्धा नदीच्या काठावर पाहिला आहे.

नदीच्या एका अंगाला वर्धा जिल्हा, दुसऱ्या अंगाला अमरावती आणि यवतमाळ. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच पऱ्हाटी, तीच ज्वारी. काठावरच्या एका गावात वेचणीच्या बाया पलीकडून डोंग्याने येत. उजाडता उजाडता वावरात हजर. दवाने पाला ओला असतो तोवर वेचले तर कापसात काडीकचरा कमी येतो. ऊन चढले की पाला कुरकुरीत होतो, त्याचा चुरा कापसाला चिकटतो. आता घाट बंद आहे. बाया ऑटोत बसून लांबच्या पुलावरून फेरा मारून येतात, तोवर ऊन चढलेले असते. ऑटोचे भाडे एक तर त्यांच्या मजुरीतून जाते, नाही तर तुमच्या खिशातून. वर कचऱ्याच्या नावाखाली व्यापारी भाव पाडतो तो वेगळाच.

घाट बंद कोणी केला? सरकारचा हुकूम नव्हता. रेतीच्या ठेकेदाराने वाटेवर चर खणला आणि गाव गप्प बसले.

एके काळी घाटाचा लिलाव म्हणजे नावेचा लिलाव. 1878 चा फेरी कायदा जुन्या मध्य प्रांताला लागू होता. ठेका लिलावाने द्यायचा, भाडे सरकारने ठरवायचे आणि भाड्याचा तक्ता लोकांना वाचता येईल असा घाटावर लावायचा, असे त्या कायद्यात होते. इंग्रज काही आपला मामा नव्हता, पण नदी ओलांडणे ही लोकांची गरज आहे एवढे त्यालाही कळत होते. आज घाटाचा लिलाव म्हटले की फक्त रेती डोळ्यांपुढे येते.

सरकार म्हणते, नदी आमची. 1966 च्या जमीन महसूल संहितेत तसे लिहिले आहे, खरे. पण 1996 साली हिमाचलातील बियास नदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नदीसारख्या संपत्तीचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताला देवळाचे दार एका माणसाला विकता येत नाही.

गंमत पाहा. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. त्यात पैनगंगा-वर्धा आहे. कागदावर राष्ट्रीय जलमार्ग, आणि काठावर डोंगा लावायला जागा नाही!

1972 पासून एकाधिकार खरेदीच्या नावाखाली आपला कापूस राज्याबाहेर नेण्यास बंदी होती. तेव्हा आपण बाजाराची वाट मागितली. हीही वाटच आहे.

काही जण म्हणतील, पूल मागा, डोंगा कशाला? पूल मागूच. पण पूल होतो एका ठिकाणी, आणि वर्षानुवर्षांनी. तोवर लोक नदी ओलांडायचे थांबत नाहीत. चोरून, मोडक्या डोंग्यात, जास्त माणसे भरून ओलांडतात. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंज येथे याच वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. 23 जानेवारी 2024 ला वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. त्या पोटासाठी निघाल्या होत्या, सहलीला नव्हे. म्हणून मागणी नुसत्या डोंग्याची नाही. नावेवर किती माणसे बसतील ते रंगाने लिहिलेले, प्रत्येकाला जॅकेट, पुरात नाव बंद, आणि नाव चालवण्याचा पहिला हक्क भोई-ढिवर बांधवांचा.

आता एक कडू गोष्ट. घाटाकडे जाणारी पांधण फक्त ठेकेदाराने खाल्लेली नाही. दर वर्षी दोन तास आत नांगर घालणारे आपणच आहोत. ती जागा आपण आधी सोडली पाहिजे. नाही तर तहसीलदारापुढे उभे राहायला तोंड राहणार नाही.

करायचे काय? गावनकाशा काढा. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीरस्ता, एकेरी म्हणजे पायवाट. निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात घाटाची, वाटेची नोंद आहे का पाहा. ग्रामसभेत ठराव घ्या. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत रस्ते आणि पुलांबरोबर नावाही पंचायतीच्या विषयांत लिहिल्या आहेत, हे ठरावात नमूद करा. वावराची वहिवाटीची वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली अर्ज करा. मुदत सहा महिन्यांची आहे. अडवणूक झाल्याबरोबर धावा, दिवाळीची वाट पाहू नका.

पुढच्या बैठकीला काठावरच्या प्रत्येक गावाने नकाशाची नक्कल आणि बुजवलेल्या पांधणीची यादी आणावी. यादीत पहिले नाव स्वतःचे असेल तर तेही लिहावे. मग चर बुजवायला आपण फावडी घेऊन जाऊ. मी येतो.